मुक्काम पोस्ट मानोरा, व्हाया मुंबई बंदर

मानोऱ्यात गाडी दिसली की आधी नंबर वाचतात. कंपनी, मॉडेल, रंग या गोष्टी सवडीनं पाहायच्या. आणि नंबरागणिक प्रश्न ठरलेला आहे. एमएच 37 असली तर ‘कोनाची हाय?’ एमएच 29 असली तर ‘कोनाकडं आली?’, कारण दिग्रस-दारव्हा जिल्ह्यानं यवतमाळात असले तरी आम्हाला वाशीमपेक्षा जवळ, आणि तिकडची गाडी दारात उभी राहिली म्हणजे सोयरीक नाहीतर उधारी, दोन्हींपैकी एक नक्की. एमएच 30 असली तर ‘जुनी घेतली काय?’ 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा वेगळा निघाला. तोवर आम्ही अकोल्याचेच होतो, आणि अकोल्यानं वापरून झालेली गाडी मानोऱ्यानं घ्यायची हा रिवाज जिल्हा फुटला तरी फुटला नाही. एमएच 12 दिसली तर प्रश्न गाडीवाल्याला नसतोच, त्याच्या आईला असतो: ‘पोरगा सुटीवर आला वाट्टे?’

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते तेव्हा तेलंगण, आंध्र, कर्नाटक, कुठकुठल्या गाड्या तालुक्यात शिरतात. टपरीवर बसलेल्या पोरांचा भारताचा भूगोल त्या आठवड्यात पक्का होतो. तेलंगणानं टीएसचं टीजी केलं ही बातमी आमच्याकडे पेपराआधी एका मिनीबसच्या मागच्या बाजूनं कळली होती.

पण ज्या नंबरसाठी मानोऱ्याकडे प्रश्नच तयार नाही असाही नंबर असू शकतो, हे माझ्या मामांमुळे ध्यानात आलं. मामांचा थोरला शारजाला असतो. तिथं त्यानं एक मोठी, पांढरी, चार चाकांवर उभी असलेली खोली घेतली. व्हिडिओ कॉलवर ती मामांना आतून-बाहेरून दाखवली. छत उघडून दाखवलं. मामांनी त्यातून दिसणारं शारजाचं आभाळ पाहिलं आणि पाऊस येईल का असं विचारलं. आता पोरगा कायमचा परत यायचं म्हणत होता, आणि गाडी तिथं मातीमोल विकायची मामांची तयारी नव्हती.

‘भाचेबुवा,’ मामा म्हणाले, ‘तुमी शिकेल-सवरेल मानूस हा. ते गाडी अठी आनाची म्हटलं त काय काय लागते? आन हे पाहा, दोन नंबरचं काईच नाई पाह्यजे. सगळं एक नंबरमंदी.’

टपरीवरचे चार जण एकदम मामांकडे वळून पाहू लागले. आमच्याकडे माणूस आधी काम करतो आणि मग ते कायद्यात कसं बसवायचं हे विचारायला वकिलाकडे जातो. काम करायच्या आधीच कायदा विचारणारा माणूस थोडा संशयास्पद वाटतो. एकानं तर हळूच विचारलं, ‘मामाजी, इलेक्शनले उभे राह्यता काय?’

मी नियम शोधले. परकीय व्यापार महासंचालनालय नावाचं एक खातं दिल्लीत आहे. परदेशातून काय आणता येईल आणि काय नाही, हे तिथं अध्यायवार लिहिलेलं असतं. गीता अठरा अध्यायांत आटोपली. मोटारी सत्याऐंशीव्या अध्यायात येतात. तो वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की सरकार कुठंही ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही’ म्हणायला एक ओळ पुरली असती. ‘हो’ म्हणायचं होतं म्हणून इतकं लिहावं लागलं.

जुनी गाडी आणायच्या अटी वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी आधी कुठंतरी ऐकलंय. मग आठवलं. धाकट्या मावसबहिणीसाठी स्थळं पाहत होतो तेव्हा आजीनं सांगितलेल्या अटी अशाच होत्या. वय जास्त नको: गाडी कारखान्यातून निघाल्याला तीन वर्षांपेक्षा अधिक झालेली चालणार नाही. वळण चांगलं हवं: स्टेअरिंग उजव्या हाताला. बोलणं आपल्यासारखं: स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये. नजर जागच्या जागी: हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा, समोरच्याच्या डोळ्यात जाणारा नको. तब्येत अशी की अजून पाच वर्षं तरी रस्त्यावर नीट चालेल, आणि तसं लेखी द्यायचं. आणि येणं कुठून? तर फक्त मुंबई बंदरातून. दुसऱ्या कुठल्या दारानं आली तर उंबरठ्यावरूनच परत.

मामा एकेक अट ऐकत बोटं मिटत होते. वय? दोन वर्षं. बसलं. किलोमीटर? तिकडं किलोमीटरच. बसलं. तब्येत? मालकापेक्षा बरी. स्टेअरिंगपाशी बोट थांबलं.

शारजा, दुबई, सगळं आखात उजवीकडून गाडी चालवतं, म्हणून स्टेअरिंग डाव्या हाताला. तीच गत अमेरिकेची. म्हणजे वाशीम जिल्ह्यातून जी पोरं परदेशात गेली, ती नेमकी डाव्या हाताच्या देशांत गेली. हे नियोजन चुकलं खरं, पण व्हिसा काढताना कोणी स्टेअरिंग पाहत नाही.

‘येवढंच ना?’ मामा म्हणाले. ‘मंग स्टेअरिंग इकडचं तिकडं करून घेऊ. आपल्याकडं मिस्त्री काय कमी हायेत?’

मिस्त्री शेजारच्याच बाकावर होता. त्यानं मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. आमच्या मिस्त्रीचा ‘होते’ हा शब्द फार उदार आहे. त्यानं मॅटाडोरचं इंजिन काय काय यंत्रांना बसवून दिलंय ते मी इथं लिहिणार नाही, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अजून लागू आहे: कंपनीनं जशी बनवली तशीच गाडी ठेवायची, मनानं फेरफार नाही. ‘होते,’ मिस्त्री म्हणाला. ‘पन वायपर उलटे पुसतीन. आन एअरबॅग बाजूच्याच्या तोंडावर फुटन.’ शिवाय गाडी बंदरावर उतरतानाच उजव्या हाताची हवी. मानोऱ्यातला मिस्त्री भर समुद्रात काम करत नाही. त्याला चहा लागतो.

गंमत अशी की त्याच मोटार वाहन कायद्यात कलम 120 आहे, आणि ते म्हणतं की डाव्या स्टेअरिंगची गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही, पण विहित पद्धतीचं, चालू स्थितीतलं इशारा देणारं यंत्र असेल तर चालेल. म्हणजे रस्त्याला डाव्या हाताची गाडी चालते, बंदराला चालत नाही. दोन्ही कायदे एकाच सरकारचे. हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांना आशा लवकर लागते.

मग उजव्या हाताचे देश शोधणं आलं. इंग्लंड उजव्या हाताचं, पण तिथं गाड्या मैल मोजतात. आपल्याला मैलाचे दगड शिकवून गेलेल्या माणसांची गाडी मैलावरून अडावी, हे मला बरं वाटलं. जपान सगळ्या अटींत बसतो. उजवा हात, किलोमीटर, डाव्या बाजूची रहदारी, आणि गाड्या वापरतात त्याही काचेच्या भांड्यासारख्या जपून. ‘पन जपानले आपलं कोनीच नाई,’ मामा म्हणाले, आणि खरंच क्षणभर सगळ्यांना वाईट वाटलं.

जपानी जुन्या गाड्यांवर जगात केवढी माणसं टपलेली आहेत ते पाहिलं की आपल्या अटी आणखीनच मजेशीर वाटतात. अमेरिकेत 1988 पासून कायदा असा आहे की तिथल्या सुरक्षा-निकषांनुसार न बनलेली परदेशी गाडी सरळ आणायची तर ती किमान 25 वर्षं जुनी पाहिजे. आपल्याकडे तीन वर्षांपुढे गेली की म्हातारी. तिकडे 24 वर्षांची असली तरी अल्पवयीन. त्यामुळे अमेरिकेतले काही शेतकरी जपानी चिमुकले ट्रक पंचविशी गाठायची वाट पाहत बसतात, मग बोटीनं मागवतात, आणि त्यातून चारा वाहतात. 660 सीसीचं इंजिन, मागं फळीचा हौदा, पुढं दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन. 2005 साली छोटा हत्ती बाजारात आल्यापासून आमच्याकडे सोयाबीनची पोती आणि लग्नाचं वऱ्हाड त्याच मापाच्या गाडीतून जातंय. पण मानोऱ्याच्या शेतकऱ्याच्या दारात जे उभं आहे त्यासाठी टेक्सासचा शेतकरी पंचवीस वर्षं थांबतो, ही गोष्ट छोट्या हत्तीच्या मालकाला सांगितली तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, ‘इकतो म्हना, घेते काय?’

आपल्या नियमांत अगदी म्हाताऱ्या गाड्यांनाही जागा आहे. पूर्वी 1950 च्या आधीच्या विंटेज गाड्या आणायची मुभा होती. आता पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ती मिळाली आहे. नोंदणीही वेगळी, प्लेटवर ‘व्हीए’ ही दोन अक्षरं. थोडक्यात, तीन वर्षांच्या आतलं लेकरू या, नाहीतर पन्नाशी उलटलेले आजोबा या; मधल्या वयाच्या कर्त्या गाडीला भारतात प्रवेश नाही. तसं पाहिलं तर राजेमहाराजांच्या काळात असं वय कोणी विचारत नव्हतं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला अजूनही थाटात बाहेर निघते आणि सगळं शहर तिला पाहायला उभं राहतं. ती आली तेव्हा तिच्या स्टेअरिंगपेक्षा तिच्यात बसणाऱ्याकडे लोकांचं लक्ष असणार.

एवढ्या अटींवरून गाडी अडली, तर मामांनी विषय सोडून द्यायला हवा होता. पण माणूस नकारानं हटत नाही, हिशेबानं हटतो. ‘समजा,’ मामा म्हणाले, ‘समजा का गाडी उजव्या हाताची हाय. मंग टॅक्स किती?’ आणि त्यांनी खिशातून बाजार समितीची एक जुनी काटापट्टी काढून पाठकोरी बाजू माझ्यापुढे ठेवली.

आधी किंमत ठरवायची. इथं मामांना पहिला धक्का बसला. पोरानं भाव पाडून, दोन दिवस रुसून, फुकटचे सीटकव्हर पदरात पाडून गाडी कितीला घेतली, याच्याशी कस्टमला काही देणंघेणं नाही. कस्टम नव्या गाडीची मूळ यादीतली किंमत धरतं, त्यातून घसारा वजा करतं, पहिल्या वर्षी दर तिमाहीला चार टक्के, दुसऱ्या वर्षी तीन, आणि वर बोटीचं भाडं नि विमा चढवतं. म्हणजे भाव करण्याची जी एकमेव कला वऱ्हाडी माणसाला येते, ती बंदरावर कामाची नाही.

समजा सगळं धरून गाडी दहा लाखांची ठरली. वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क 70 टक्के. सात लाख. मामांनी मान हलवली; एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं. मग 67.5 टक्क्यांचा एक उपकर. पावणेसात लाख. ‘हे कायचं?’ मामांनी विचारलं. मी नाव वाचून दाखवलं: कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर.

टपरीवर शांतता पसरली.

‘म्हंजे आपल्यासाठीच हाय काय हे?’

‘हो. शेतकऱ्यासाठी.’

‘मी शेतकरी.’

‘हो.’

‘मंग मायाकडून घेऊन मलेच देनार?’

‘तुम्हालाच असं नाही मामाजी, एकूण शेतीला.’

‘मंग कापून घ्या म्हना. येवढे पैसे दिल्लीले पाठवाचे आन तठून पुन्हा मानोऱ्याले आनाचे, मंधात किती जनाइचे हात लागतीन!’ उपकराच्या अर्थशास्त्रावर यापेक्षा नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही, आणि संसदेतलं बरंच ऐकलेलं आहे.

पुढचा आकडा लिहिला. दहा लाख अधिक सात अधिक पावणेसात, पावणेचोवीस लाख झाले. आता त्या पावणेचोवीस लाखांवर जीएसटी. सप्टेंबर 2025 मध्ये दर बदलले, छोट्या गाड्या 18 टक्क्यांत गेल्या, मोठ्या 40 टक्क्यांत. मामांच्या पोराची गाडी कोणत्याही कोनातून छोटी दिसत नाही. साडेनऊ लाख. एकूण कर 23 लाख 25 हजार, आणि दहा लाखांची गाडी 33 लाख 25 हजारांची. त्यापुढे आरटीओचा रोड टॅक्स, विमा, क्लिअरिंग एजंट, आणि गाडी बंदरात पडून राहिली तर रोजचं डॅमरेज.

काटापट्टीची पाठ भरली होती. मामांनी ती उलटून पुढची बाजू पाहिली, तिथं त्यांचंच सोयाबीन होतं, मग पुन्हा मागची. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कळत होतं, म्हणून मीच भागाकार केला. 2025-26 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव होता 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे नुसत्या कराला 436 क्विंटल सोयाबीन.

‘हमीभाव भेटला त,’ मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि चहावाल्यासकट सगळे हसले. मामा हसले नाहीत. पण थोड्या वेळानं त्यांनाच आठवलं: ‘सचिनले त फुकट भेटली व्हती!’

हे खरं, आणि महाराष्ट्रात परदेशी गाडीचा विषय निघाला की फेरारीपाशी पोचल्याशिवाय राहत नाही. 2002 साली सचिन तेंडुलकरनं कसोटीतलं एकोणतिसावं शतक ठोकून ब्रॅडमनची बरोबरी केली. फियाट कंपनीनं त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली, चाव्या खुद्द मायकेल शूमाकरच्या हातून. इथवर सगळं देवाघरचं. मग गाडी भारतात आणायची वेळ आली आणि सीमाशुल्क निघालं 1 कोटी 13 लाख. सरकारनं ते माफ केलं. त्यावरून देशात दोन तट पडले. एक म्हणे, ज्यानं देशाला इतकं दिलं त्याच्याकडून टोल कसला घेता? दुसरा म्हणे, ज्याला परवडतं त्याला माफी आणि आम्हाला का नाही? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शेवटी कर भरला फियाटनंच. मला या प्रकरणात एक गोष्ट फार आवडते. ज्याला शोएब अख्तर कशाला म्हणतात हे माहीत होतं, त्याला बिल ऑफ एंट्री कशाला म्हणतात हे माहीत नव्हतं, आणि दुसऱ्यानं त्याला जास्त दमवलं. आता मामांच्या पोराच्या नावावर एकही शतक नाही. तालुका पातळीवर तो नाबाद सतरा आहे, तेही पावसामुळे.

सगळ्यात स्वस्त आयात कोणाची झाली, तर ज्यांची गाडी जागची हलली नाही त्यांची. गोव्यात पोर्तुगीज होते तोवर पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे मर्सिडीज आणि ओपेल टॅक्सी म्हणून धावत. आणि पोर्तुगाल स्वतः 1928 मध्ये उजव्या बाजूला गेलं तरी गोव्याची रहदारी शेजाऱ्याच्या मुरवतीनं डावीकडेच राहिली. डिसेंबर 1961 मध्ये एका सकाळी त्या सगळ्या गाड्या भारतात आल्या. ना बोट, ना बंदर, ना घसारा. गाड्या दारातच उभ्या होत्या, सीमाच सरकली.

वऱ्हाडाला हे नवीन नाही. आमच्या दक्षिणेला पैनगंगा, आणि नदीपलीकडे निजामाचं राज्य. तिकडं माल न्यायचा-आणायचा तर निजामाच्या करोडगिरी खात्याची नाकी लागत. वाशीमहून हिंगोलीला जाताना लागणाऱ्या गावाचं नाव अजून कनेरगाव नाका आहे. म्हणजे आमच्या पणजोबांना सोयऱ्याकडे जाताना कस्टम लागत होतं. त्यानंतर आम्ही जागचे न हलता मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात गेलो, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात, 1998 मध्ये अकोल्यातून वाशीमात. एवढा प्रवास मामांच्या वडिलांच्या बैलगाडीनं केला आणि तिला एकदाही वंगण घालावं लागलं नाही. त्या अनुभवावरून मामांनी सुचवलं की शारजाच भारतात घेता येत नाही का. तो अध्याय मी पाहिलेला नव्हता.

खरं तर समजा सगळं जमलं असतं, उजवा हात, पैसे, सगळं, तरी पुढचा प्रवास मला पाहायला आवडला असता. गाडी मुंबईला उतरणार. तिथून तपासणी. भारतात ती करणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत त्यांतल्या दोन महाराष्ट्रातच आहेत: अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि पुण्याची एआरएआय. दुसरी 1966 पासूनची, कोथरूडच्या टेकडीवर. म्हणजे ज्या पोरानं पुण्यात नोकरी मिळेना म्हणून शारजा गाठलं, त्याची गाडी परत येताना आधी पुण्यात परीक्षा देणार. पास झाली तर समृद्धीवरून कारंजापर्यंत झुळझुळ येणार, आणि तिथं खाली उतरून मानोऱ्याचा रस्ता धरल्यावर, पाच वर्षं चालेल म्हणून जे लेखी दिलेलं असतं ना, त्याची खरी तपासणी सुरू होणार.

आता एक वाट अशी आहे की तिच्यात कर नाही. गाडीनं इथं राहायला यायचं नाही, पाहुणी म्हणून यायचं. त्या कागदाला कार्ने म्हणतात. गाडीचा पासपोर्टच तो. प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, निघताना एक शिक्का. गाडी ठरल्या वेळेत बाहेर पडली नाही तर ज्या मोटार संघटनेनं हमी घेतली तिच्याकडून कर वसूल, आणि ती संघटना मालकाकडून. आपल्याकडे हा कागद मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देत आली आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्या गाडीला भारत सहा महिने ठेवून घेतो. डावं स्टेअरिंगही चालतं. पाहुण्याच्या सवयींना कोणी नावं ठेवत नाही.

मराठी माणसांनी हे करून दाखवलंय. भारुलता कांबळे 2016 मध्ये ब्रिटनहून एकट्या गाडी चालवत 32 देश ओलांडून आल्या, कुठं, तर सासरी, महाडला. माझ्या माहितीत सासरी येण्याचा इतका लांबचा रस्ता दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. बहुतेकींचा कल उलट दिशेला असतो. आणि 2024 मध्ये विराजित मुंगळे लंडनहून निघाले, 59 दिवसांत 16 देश आणि 18,300 किलोमीटर पार करून ठाण्याला आईच्या दारात गाडी उभी केली. परत जाताना ते विमानानं जाणार आणि गाडी बोटीनं, असं त्यांनी सांगितलं होतं. गाडी इथं ठेवून घेणं त्यांच्याही हातात नव्हतं.

हे ऐकून मामा ताठ बसले. सहा महिने! सहा महिन्यांत तर दिवाळी, तुळशीचं लग्न, माघ, रामनवमी, सगळं येतं. रामनवमीला पोहरादेवीच्या रस्त्यावर, तेलंगण-कर्नाटकाच्या गाड्यांच्या रांगेत शारजाची प्लेट! टपरीवरची पोरंही सरसावली. रस्ता आखला जाऊ लागला. शारजाहून बोटीनं इराणचं बंदर अब्बास, तिथून इराण, मग… ‘मंग पाकिस्तान,’ एक जण म्हणाला, आणि नकाशा तिथंच मिटला. अटारीची वाट 2025 पासून बंद आहे. उरली थेट मुंबईची बोट. तिचं भाडं, हमीची रक्कम, जाता-येता दोन वेळा. वर अट अशी की पाहुण्या गाडीचा मालकही पाहुणाच हवा, आणि मामांचा पोरगा तर कायमचा परत येणार होता. म्हणजे गाडीसाठी त्यानं शारजालाच राहायचं, आणि गाडी मानोऱ्याला.

हा पेच मामींनी सोडवला. त्या बाजारातून पिशव्या घेऊन टपरीपर्यंत आल्या होत्या आणि किती वेळ मागं उभ्या होत्या कोण जाणे.

‘बसाले चार जन,’ मामी म्हणाल्या, ‘आन ढोराइले ढेप आनाची म्हटलं का पुन्हा छोटा हत्तीच सांगा लागते. त्या पोराले म्हना, गाडी इक आन तू ये.’

मामांनी काटापट्टी घडी करून खिशात ठेवली. कपबशीतला गार झालेला चहा संपवला. पिशव्या उचलल्या. चार पावलं पुढं गेले आणि थांबले. पोरानं गाडीबरोबरच भिंतभर मोठा टीव्ही घेतला होता, आणि टीव्हीवर 2013 पासून विमानतळावर कर लागतो हे त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं दिसलं.

‘बरं भाचेबुवा,’ मामा मागं वळून म्हणाले, ‘टीव्ही त डाव्या हाताचा नसते ना?’